सायकल ड्रायव्हरच्या नजरेत कशी आणायची, आणि अंगावर येणाऱ्यांचं काय करायचं

तुझा प्रश्न थोडक्यात असा, की मुलुंडहून पवईला ऑफिसला सायकलने जायला लागलीयेस, हेल्मेट आहे, ते चमकणारं हिरवं जॅकेटही घेतलंयस, तरी गाड्या खेटून जातात, एलबीएसवर (लाल बहादूर शास्त्री मार्गावर) बस अंगावर येते, रिक्षा अचानक डावीकडे घुसतात, परवा एकाने काच खाली करून शिव्या दिल्या. तर अजून काय घालू म्हणजे मी दिसेन, असल्या लोकांशी वागायचं कसं, आणि सायकलला मोठा हॉर्न बसवू का. मी मुंबईत बरीच वर्षं कामावर सायकलनेच जातो आणि नवीन लोकांना सोबत घेऊन ट्रॅफिकमध्ये चालवायला शिकवतो, त्यांना जे सांगतो तेच इथे सविस्तर लिहितो.

अजून काही घालायच्या आधी तू रस्त्यावर नेमकी कुठून चालवतेस ते बघ. कपड्यांनी माणूस थोडाफार दिसतो, जागेमुळे खूप जास्त दिसतो. गाडी चालवणारा अख्खा रस्ता बघत नसतो, ज्याच्यामुळे आपल्याला थांबावं लागेल किंवा ज्याला आपण धडकू तेवढंच तो बघतो, म्हणजे पुढची गाडी, बाजूने घुसणारी बाईक, मध्येच उतरलेला माणूस. गटाराच्या जाळीला चिकटून चाललेली सायकल त्याच्या हिशोबातच नसते. डोळ्यांसमोर असते पण डोक्यात नोंद होत नाही, आणि मग पुढे डबल पार्किंगमुळे किंवा मेट्रोच्या कामाच्या पत्र्यांमुळे रस्ता अरुंद झाला की तो सरळ डावीकडे दाबतो, कारण त्याच्या मते तिथे कोणीच नाहीये.

म्हणून कडेपासून साधारण तीन फूट आत चालव, म्हणजे पुढच्या गाडीचं डावं चाक जिथून जातं त्या पट्ट्यात. कडेला तसंही जाळ्या, उखडलेले पेव्हर ब्लॉक, चिखल, काचा हेच असतं, आणि जाळीच्या पट्ट्या रस्त्याच्या दिशेने बसवलेल्या असतील तर बारीक टायर आत अडकतो. पण खरं कारण वेगळंय. तू कडेला असलीस की मागच्याला वाटतं याच लेनमधून अर्धा फूट सोडून निघू, तू आत असलीस की त्याला ठरवावं लागतं, एकतर मागे थांबायचं नाहीतर लेन बदलून जायचं. ठरवायला लावलं की बघणं आपोआप होतं. तो हॉर्न मारेल, मारू दे. हॉर्न वाजला म्हणजे तू त्याला दिसलीस. मला काळजी वाटते ती न वाजवता मागून येणाऱ्याची.

हॉर्नचं इथेच सांगून टाकतो कारण नवीन लोक सगळ्यात जास्त हॉर्नलाच घाबरतात आणि घाबरून डावीकडे झटका देतात, तो झटका हॉर्नपेक्षा कितीतरी धोकादायक. मुंबईत हॉर्न रागानेच वाजवतात असं नाही, निम्म्या वेळा तो नुसता 'मी आलो' असतो, रिक्षावाल्याचा छोटा पीप तर शंभर टक्के तोच. लाल सिग्नलला, जिथे वाजवून काहीही हलणार नसतं, तिथेही लोक वाजवतातच, म्हणून तर मुंबई ट्रॅफिक पोलिसांनी 2019 च्या शेवटी काही सिग्नलना डेसिबल मीटर जोडून बघितले होते, आवाज 85 डेसिबलच्या वर गेला की लाल सिग्नलचे सेकंद पुन्हा पहिल्यापासून सुरू, त्याचा व्हिडिओ 2020 च्या जानेवारीत खूप फिरला होता. सांगायचा मुद्दा हा की हॉर्न तुझ्यावर खार खाऊन वाजवलेला नसतो. हँडल सरळ धर, खांदे सैल सोड, आणि तुला जेव्हा सुरक्षित जागा दिसेल तेव्हाच बाजूला हो, त्याच्या घाईने नको.

हे तीन फुटांचं गणित मी एलबीएस, आतले रस्ते, बाजारपेठा इथे लावतो, ईस्टर्न एक्सप्रेस हायवेवर लावत नाही. तिथे गाड्यांचा वेग इतका असतो की तू लेनच्या मध्ये असलीस तर मागच्याला ठरवायला वेळच मिळत नाही, ताशी 40 नेसुद्धा गाडी सेकंदाला 11 मीटर पुढे जाते, हायवेचं तर सोडूनच दे. मुलुंड ते पवईला हायवे घेऊच नकोस. एलबीएसवर कितीही जॅम असला तरी तो जॅम तुझ्या फायद्याचा आहे, सगळे हळू असतात. पहाटे पाचला मोकळ्या रस्त्यावर चालवणं सेफ असं जे सगळे म्हणतात ते मला पटत नाही, त्या वेळी रस्त्यावर जे असतात त्यातले बरेच रात्रभर जागलेले असतात आणि सिग्नलला कोणी थांबत नाही.

दुसरं, रेघ सोडायची नाही. पार्क केलेल्या दोन गाड्यांमध्ये मोकळी जागा दिसली की नवीन माणूस आत जातो, पुढची पार्क गाडी आली की बाहेर येतो, परत आत. मागच्याच्या दृष्टीने तू दर वेळी गायब होतेस आणि अचानक उगवतेस. तो ब्रेक मारतो, चिडतो, आणि त्याचं चिडणं त्या वेळी अगदीच चूक नसतं. सगळ्या पार्क गाड्यांच्या बाहेरून एक सरळ रेघ धर, त्यांच्यापासून दाराएवढं अंतर ठेवून, म्हणजे तीनेक फूट. गाडीचं दार अचानक उघडल्याने पडलेले सायकलवाले मी खूप बघितलेत, आणि त्यात धोका दाराने कमी, दार चुकवायला उजवीकडे गेल्यावर मागून येणाऱ्या गाडीने जास्त. मागच्या काचेतून डोकं दिसतंय का बघ, टॅक्सी असेल तर आतला दिवा लागलाय का बघ, कोणी खाली मान घालून मोबाईलवर पैसे पाठवत असेल तर आता दार उघडणार हे नक्की.

आता बस. बेस्टचे ड्रायव्हर मुद्दाम दाबतात असं सगळ्यांना वाटतं, मला नाही वाटत. त्यांना स्टॉपला लावायचंच असतं, स्टॉपवर रिक्षा उभ्या असतात, मागून लोक वाजवत असतात, आणि तू बसच्या डाव्या बाजूला असलीस तर आरशात फार थोडा वेळ दिसतेस. बस मागून येतेय हे तुला आधीच कळू शकतं आणि त्यासाठी मागे बघायचीही गरज नाही. पुढच्या स्टॉपवरची माणसं बघ. ती निवांत उभी असतील तर मागे बस नाही. एकदम दोन-चार जण फूटपाथवरून एक पाऊल रस्त्यात टाकून, माना वाकड्या करून तुझ्या मागे बघायला लागले, कोणी डोळे बारीक करून नंबर वाचतंय, कोणी हात पुढे केला, की समज बस तुझ्या पाठीमागेच आहे आणि ती तुला ओव्हरटेक करून तुझ्यासमोर आडवी लागणार. तेव्हाच पेडल मारणं थांबव आणि तिला जाऊ दे. ती थांबली की तिच्या आणि फूटपाथच्या मधल्या फटीत घुसायचं नाही, कधीच नाही, तिथे लोक उतरत असतात. मागे थांब, नाहीतर नीट मागे बघून, हात दाखवून उजवीकडून जा. इलेक्ट्रिक बसचा तर आवाजही येत नाही, त्यामुळे स्टॉपवरची माणसं हाच तुझा आरसा.

रिक्षाचंही तसंच आहे. रिकामी रिक्षा चालवणाऱ्याचं लक्ष रस्त्यावर नसतं, फूटपाथवर असतं, गिऱ्हाईक शोधत असतो तो. त्यामुळे तू रिक्षावर नजर ठेवण्यापेक्षा फूटपाथवर कोणाचा हात वर होतोय ते बघ. हात वर झाला की तुझ्या उजवीकडची रिकामी रिक्षा पुढच्या दोन सेकंदात डावीकडे येणार, इंडिकेटर वगैरे काही नाही. रिक्षाचं पुढचं एकच चाक आधी वळतं आणि धूड नंतर, म्हणून नजर त्या चाकावर. आणि मुंबईच्या रिक्षाला उजवीकडून दांडा असतो, पॅसेंजर डावीकडूनच उतरतो, रिक्षा रस्त्याच्या मधोमध थांबली असली तरीसुद्धा. म्हणजे थांबलेल्या रिक्षाच्या डावीकडून निघायचं नाही.

डंपर, सिमेंटचा मिक्सर आणि पाण्याचा टँकर यांच्याबाबतीत मी कोणाचंही ऐकून घेत नाही. आपल्याकडे ड्रायव्हर उजवीकडे आणि उंच बसतो, त्याला डाव्या बाजूचं खालचं जवळपास काहीच दिसत नाही, आणि सायकलवाला नेमका डावीकडून पुढे सरकत सिग्नलला त्याच्या केबिनशेजारी जाऊन उभा राहतो. सिग्नल सुटला आणि तो डावीकडे वळला की मागची चाकं पुढच्या चाकांपेक्षा बरीच आतून येतात, सायकल फूटपाथ आणि चाकांच्या मध्ये सापडते. जॅकेट कितीही चमकू दे, केबिनच्या खाली ते दिसणारच नाही. त्याच्या आरशात तुला त्याचा चेहरा दिसत नसेल तर त्यालाही तू दिसत नाहीयेस. मागेच थांब, पूर्ण मागे, पुढे कितीही जागा असू दे. जेव्हीएलआरला (जोगेश्वरी-विक्रोळी लिंक रोडला) हिरानंदानीकडे जी डावी वळणं आहेत तिथे हे विशेष लक्षात ठेव, तिथे कारवालेही तुला ओव्हरटेक करून लगेच तुझ्यासमोरूनच डावीकडे वळतात. वळण जवळ आलं की मी थोडा अजून उजवीकडे सरकतो, म्हणजे वळणाऱ्याला माझ्या मागूनच वळावं लागतं.

'पण त्याने माझ्याकडे बघितलं होतं' हे वाक्य मी अपघातानंतर इतक्यांदा ऐकलंय. डोळ्याला डोळा भिडला म्हणजे तुझी नोंद झाली असं धरू नकोस. माणूस डावी-उजवीकडे झटकन बघतो तेव्हा नजर एका जागेवरून दुसऱ्या जागेवर उडी मारते, त्या उडीच्या दरम्यानचं चित्र मेंदू टाकून देतो, आणि सायकल इतकी बारीक असते की ती नेमकी त्या टाकलेल्या भागात जाऊ शकते. गाडीच्या पुढच्या काचेशेजारचा तो जाड खांब सायकलच काय, अख्खी बाईक लपवतो. आणि जी वस्तू आपल्यावर धडकायच्या मार्गावर असते ती काचेत एकाच जागी स्थिर दिसते, फक्त मोठी होत जाते, हललेली दिसत नाही म्हणून लक्ष जात नाही. यावर मी हे करतो, गल्लीच्या तोंडाशी कोणी गाडी काढायच्या तयारीत असेल तर लांबूनच माझ्या रेघेतल्या रेघेत थोडा उजवीकडे आणि परत डावीकडे होतो, फूटभरच, मागे बघून. आडवी हालचाल डोळा लगेच पकडतो. आणि त्याच्या तोंडाकडे बघण्यापेक्षा चाकाकडे बघतो, काचेला काळी फिल्म असली तरी चाक खोटं बोलत नाही.

उन्हाचं एक लक्षात ठेव. सकाळी जेव्हीएलआरला पवईकडे वळलीस की ऊन तुझ्या पाठीवर असतं, तुला सगळं छान लख्ख दिसतं आणि वाटतं आपणही तितकेच दिसतोय. समोरून येणाऱ्याच्या डोळ्यात तेच ऊन असतं. तुझी सावली तुझ्यापुढे लांब पडली असेल तर समोरून उजवीकडे वळू पाहणाऱ्याला तू दिसत नाहीयेस असंच धरून चाल. संध्याकाळी परत येताना पुन्हा तेच.

आता कपडे आणि लाइट. तुझं हिरवं जॅकेट दिवसा चांगलंय, तो रंग सूर्यप्रकाशातल्या अतिनील किरणांमुळे उजळतो, अंधार पडला की ते साधं कापड. रात्री काम करतात त्या चंदेरी पट्ट्या, पण त्याही हेडलाइट पडला तरच, म्हणजे मागच्या गाडीला दिसशील, बाजूच्या गल्लीतून येणाऱ्याला दिसायच्या आत तू त्याच्यासमोर असशील. आणि मेट्रोच्या कामावरचे कामगार तसलीच जॅकेटं घालून पत्र्यांशेजारी उभे असतात, त्या पट्ट्यात ड्रायव्हरला ते जॅकेट रस्त्यातलं सामानच वाटतं. मला जास्त भरवसा आहे तो पायावरच्या पट्टीवर. घोट्याला किंवा पेडलला रिफ्लेक्टर टेप लावली की वर-खाली होणारे दोन ठिपके दिसतात आणि बघणाऱ्याला क्षणात कळतं की हा माणूस पेडल मारतोय. ट्रकवाले लावतात ती टेप ऑटो स्पेअरच्या कुठल्याही दुकानात मिळते.

पण एक काम आजच कर. ऑफिसची सॅक पाठीवर लावून सायकलवर बस आणि घरातल्या कोणाला तरी पन्नास पावलं मागे उभं करून तुझा फोटो काढायला सांग. बहुतेकांच्या बाबतीत हेच निघतं की जॅकेटवरच्या पट्ट्या सगळ्या सॅकच्या खाली झाकल्यात आणि सीटखालचा लाल लाइट लांब रेनकोटने किंवा सॅकच्या पट्ट्याने अर्धा लपलाय. मागून दिसते ती काळी सॅक. पट्टी सॅकवर लाव, दुसरा लाल लाइट सॅकवर किंवा हेल्मेटच्या मागे लाव. एक लाइट स्थिर ठेव आणि एक लुकलुकता, नुसत्या लुकलुकत्या लाइटवरून अंतर समजत नाही. पुढचा पांढरा लाइट रस्त्याकडे झुकवून लाव, समोरच्याच्या डोळ्यात मारलास तर तोच आंधळा होईल आणि तुझ्याच अंगावर येईल.

दिवसाही लाइट चालू ठेव. 1 एप्रिल 2017 पासून देशात बनणाऱ्या दुचाकींचा हेडलाइट इंजिन चालू असेपर्यंत बंदच होत नाही, तो नियम दिसण्यासाठीच केलाय. त्याचा परिणाम असा झाला की आता आरशात प्रत्येक दुचाकीचा दिवा दिसतो, आणि बिनदिव्याची सायकल त्या गर्दीत अजून फिकी पडते.

पावसात हे सगळं दुप्पट. काचेवरच्या प्रत्येक थेंबात पुढच्या गाड्यांचे लाल दिवे फुटतात, त्यात तुझा एक छोटा लाल दिवा हरवतो. काळा किंवा नेव्ही ब्लू रेनकोट घेऊ नकोस, दुकानात जास्त तेच असतात तरी. पिवळा नाहीतर भगवा घे, आणि टोपी डोक्यावर ओढू नकोस, मान वळवली की टोपी तिथेच राहते आणि तुला मागचं काही दिसत नाही, त्यापेक्षा हेल्मेटला कव्हर घाल.

मान वळवणं महत्त्वाचं आहे म्हणून हे सांगतोय. मागे वळून बघणं म्हणजे फक्त तुला दिसावं म्हणून नाही. पाठ दिसत असलेल्या सायकलवर अचानक एक चेहरा दिसला की मागचा माणूस आपोआप हळू होतो, मी नवीन लोकांसोबत मागून चालवतो तेव्हा हे रोज बघतो. आधी बघ, मग हात काढ, पूर्ण सरळ, कोपर दुमडून नाही, एक क्षण थांब, मग सरक. आणि ज्याने जागा दिली त्याला हात वर कर. मुंबईत एवढ्याशा हाताला लोक खूप मान देतात, बस ड्रायव्हरसुद्धा मान हलवतो.

गांधीनगरला एलबीएसवरून जेव्हीएलआरला उजवीकडे वळायचं असतं तिथे मात्र हात दाखवून लेन ओलांडत जाऊ नकोस, निदान पहिलं वर्ष तरी. डावीकडूनच सिग्नल सरळ पार कर, पलीकडच्या कोपऱ्यावर थांब, सायकल पवईच्या दिशेने वळव आणि त्या बाजूचा सिग्नल सुटला की त्यांच्यासोबत निघ. दोन मिनिटं जास्त जातात.

आता तो शिव्या देणारा. कट मारणाऱ्या बहुतेकांनी एकतर तुला बघितलेलंच नसतं किंवा ते घाईत असतात, त्यांच्यासाठी वर लिहिलेलं सगळं पुरतं. मुद्दाम त्रास देणारा वेगळा, त्याला तू दिसलेली असतेस. त्याच्यासाठी एकच, तो तुझ्या पुढे गेला पाहिजे. तो मागे असला की तुला दिसत नाही, पुढे असला की तुझ्या नजरेत राहतो. ब्रेक लाव, डावीकडे घे, दुकानासमोर थांबलीस तरी चालेल, जाऊ दे त्याला. उत्तर द्यायचं नाही, त्याच्या गाडीला हात मारायचा नाही, बॉनेटवर थाप पडली की विषय तुझ्या जिवाचा राहत नाही, त्याच्या गाडीचा होतो आणि आजूबाजूचे लोकही त्याच्या बाजूने बोलायला लागतात. सिग्नलला तो परत गाठ पडला तर दोन गाड्या मागे थांब. मला राग येत नाही असं नाही, खूप येतो, आठ-नऊशे किलोची गाडी बारा किलोच्या सायकलवर घालणाऱ्याचा राग यायलाच हवा. तो राग नंबर लक्षात ठेवण्यात घाल. नंबर, वेळ, जागा, कुठल्या दिशेने जात होता, एवढं मोबाईलमध्ये बोलून रेकॉर्ड कर आणि तक्रार कर. मोटार वाहन कायद्याचं कलम 184 धोकादायक ड्रायव्हिंगचं आहे, आणि 1 जुलै 2024 पासून जी भारतीय न्याय संहिता लागू झाली त्यात बेदरकार गाडी चालवण्याचं कलम 281, जे आधी आयपीसीचं 279 होतं. गाडीवर कंपनीचं नाव आणि फोन नंबर असेल तर तिथेही फोन कर, मालकाला कळलेलं ड्रायव्हरला लवकर पोचतं.

तू मुलगी आहेस म्हणून एक वेगळं लिहितो. बाईकवरून बाजूने चालत कमेंट मारणं, पाठलाग करणं, थाप मारून पळणं, हे ट्रॅफिकमध्ये मोडत नाही, ते 'जाऊ दे'मध्ये बसवायचं नाही. घाणेरडं बोलणं-हावभाव न्याय संहितेच्या कलम 79 मध्ये येतं, हात लावणं 74 मध्ये. निर्जन रस्त्याने घराकडे पळू नकोस, पेट्रोल पंप, सोसायटीचा वॉचमन, चालू दुकान, जिथे माणसं आणि उजेड आहे तिथे थांब आणि 112 लाव.

आणि शेवटचं, सायकलला तो मोठ्या आवाजाचा इलेक्ट्रिक हॉर्न. नको घेऊस. काच बंद, एसी चालू, गाणी चालू, त्याला तो ऐकू जातच नाही, आणि ज्या सेकंदात बोट बटण शोधतं त्या सेकंदात ते ब्रेकवर हवं असतं. साधी घंटी ठेव, चालणाऱ्या माणसांसाठी पुरते. गाडीवाल्यासाठी तुझा आवाज, पोटातून, 'ओ दादा!' एवढं पुरे, त्याला दोन्ही हात ब्रेकवर ठेवूनच ओरडता येतं. हॉर्नचे पैसे दुसऱ्या लाल लाइटला घाल.